सव्वीस

गोचा गेला पोलंडला, वुचमधल्या कुठल्याशा गोदामात,
मागे ठेवून तळहाताएवढं हिरवं बोर्ड
आणि एकही ओळ न लिहिता
की कुठला पाय कुठं जातो.

मेस्तियात, बेकरीवरच्या खोलीत
त्सियाला बसली आहे अंगातला कोट न काढता.
खाली कुब्दारी भाजतेय, वास जिन्यावरून वर येतो.
खिडकीबाहेर दगडी मनोरे, आणि त्यांच्या पायाशी मुल्खुरा,
जिचं पाणी मोजायचंय, वितळायला लागायच्या आत.

बोर्डाला स्वतःबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नसतं.
आपल्याला मेमरी किती, ती कुठून सुरू होते,
सेन्सर कुठल्या तारेवर, कुठल्या पत्त्यावर राहतो,
कोण कुणाकडून वीज उसनी घेतो,
सगळं सांगावं लागतं,
बारशाला बाळाच्या कानात सांगावं तसं,
फक्त इथं अर्धविरामासकट.

कारखान्याच्या नमुन्याची फाइल होती, तीच तिनं उतरवून घेतली.
दुसऱ्याचा सदरा. बाह्या लांब, खिसे भलतीकडे.
फाइल म्हणते पडदा आहे. नाही.
फाइल म्हणते कॅमेरा आहे. तोही नाही.
एकाच पायाला फाइलनं दोन कामं लावलीत,
त्सियाला एक काढून घेते.

मग तो न संपणारा प्रश्नोत्तरांचा रस्ता:
हवं? नको?
आवाज? नको, नदीला स्वतःचा आहे.
ब्लूटूथ? कुणाशी बोलणार, म्हशींशी?
जॉयस्टिक (खरंच विचारलंय).
घड्याळ हवं, वीज गेली तरी चालणारं, कारण ती जातेच.
आणि वॉचडॉग हवाच:
सगळं गोठलं की हा एकटा जागा,
चावून उठवतो, पुन्हा पहिल्यापासून.

बिल्ड चालू. लॅपटॉपचा पंखा घरघरतो.
एकसष्ट टक्क्यांवर गावातली वीज गेली.
आली. पुन्हा.
दोनशे बाराव्या ओळीत एक कंस बंद करायचा राहिलाय.
पुन्हा.

कार्ड खोचलं, तार जोडली, बटण दाबलं.
काळ्या खिडकीत उमटले चौकोन, प्रश्नचिन्हं,
उलटे कंस, कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं.
तिनं शिवी दिली. मग थांबली.
मुका नाही हा.
बडबडतोय, फक्त मला लागत नाही.

दोन दिवस ती तारा बदलत राहिली.
तिसऱ्या रात्री भिंग घेऊन बसली,
आणि चिपशेजारच्या चंदेरी डबीवर, तांदळाहून बारीक: सव्वीस.
फाइलमध्ये चोवीस.
बाराला एक जास्त, एवढीच घाई होती त्याच्या बोलण्यात.

फोन लावला. पलीकडे फोर्कलिफ्टची पीं पीं.
"चोवीसचे संपले होते गं," गोचा म्हणाला,
"जुन्या मोबाइलमधून काढून लावले. सांगायचं राहिलं."
तिनं रागवायला तोंड उघडलं,
आणि विचारलं, जेवलास का?
"सुट्टी दोनला," तो म्हणाला. "बोलतो का तो?"

एक आकडा बदलला.
तीन तास नाहीत या वेळी, दोन मिनिटं.
खिडकीत ओळी आल्या, पाटीवर गिरवल्यासारख्या स्वच्छ,
त्यातली पहिलीच खोटी:
बोर्ड अजून कारखान्याचंच नाव स्वतःचं म्हणून सांगतं.
असू दे. नाव उद्या.

सेन्सर बादलीत सोडला.
एकतीस सेंटिमीटर, बोर्ड म्हणालं.
त्सियालानं लाकडी पट्टी बुडवून बघितली. तीस.
बाही ओली झाली कोपरापर्यंत.
पुन्हा बुडवली. तीस.
खाली बेकरीवाल्यानं शटर ओढलं.
ती तशीच उभी, बादलीत बघत:
हा एक सेंटिमीटर कुणाचा?